गरम झाली की बंद पडते आणि मग किकने सुरूच होत नाही (डर्ट बाईक, २५० फोर-स्ट्रोक)

तिसरा_गिअर:
मंडळी, जरा डोकं लावा. २५० सीसी फोर-स्ट्रोक डर्ट बाईक आहे, कार्बवाली (कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणारा), लिक्विड कूल्ड, नुसती किक, सेल्फ नाही. कंपनी कुठली ते सांगत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल. प्रॉब्लेम असा की गार असताना चोक ओढून सुरू होते, सपाटीवर मस्त पळते, पिकअपला काही कमी नाही, पण दगडधोंड्यांचा चढ लागला आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबत-सोडत हळूहळू चढायला लागलो की अर्ध्या-पाऊण तासात कुठेतरी बंद पडते. आणि एकदा पडली की किक मारून मारून पाय गळून जातो तरी काही नाही. सावलीत पंधरा-वीस मिनिटं उभी केली की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. घरी आणून बघावं तर सगळं ओक्के. प्लग नवीन टाकलाय, पेट्रोल बदललंय, कार्ब खोलून साफ केलाय. आता बघायचं काय राहिलं?

अर्धीटाकी:
टाकीचं झाकण! बाकी सगळं नंतर. झाकणावरून जी बारीक नळी निघते तिच्यात बऱ्याच गाड्यांना वन-वे वॉल्व्ह असतो, तो चिखलाने बुजला किंवा कोणी धुताना उलटा बसवला की टाकीत हवा शिरत नाही, आत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. मग तुम्ही थांबता, तेवढ्यात हवा हळूहळू आत झिरपते, फ्लोट बाऊल (कार्बखालची पेट्रोलची वाटी) भरतो, गाडी सुरू होते आणि तुम्हाला वाटतं की गार झाली म्हणून सुरू झाली. पुढच्या वेळी बंद पडल्या पडल्या झाकण उघडा, हवा आत ओढल्याचा आवाज आला तर चोर सापडला.

गचका_बहाद्दर:
कार्बचाच लोचा आहे. नवीन कार्ब टाका, विषय संपला.

जुना_किकर:
नवीन कार्ब टाकून विषय संपत नाही, पैसे संपतात. आधी माणसाला चार प्रश्न तरी विचारा.

तिसरा_गिअर, हे सांग:
बंद पडते ती कशी? किल स्विच दाबल्यासारखी खटकन, का गचके देत, का आयडलवर येऊन मंद होत होत?
बंद पडल्यावर किक पायाला कशी लागते, गार असताना लागते तेवढीच कडक का मऊ?
गरम असताना धक्का मारून सुरू होते का?
आणि गार असताना चोक पूर्वी लागायचा तेवढाच लागतो, का हल्ली जास्त लागायला लागलाय?
शेवटचा प्रश्न फालतू वाटेल पण त्याचं उत्तर मला सगळ्यात आधी हवंय.

तिसरा_गिअर:
खटकन नाही. थ्रॉटल सोडला, आयडलवर आली की आयडल खाली खाली जातं आणि बंद. गचके वगैरे नाहीत. किक कशी लागते ते कधी लक्षच दिलं नाही, दमलेलो असतो, नुसत्या मारत सुटतो. धक्क्याचं म्हणाल तर हो, एकदा उताराला दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तर पहिल्या झटक्यात सुरू झाली, त्याच्या आधी किकने अजिबात होत नव्हती. आणि चोक... आता तुम्ही विचारलंत म्हणून आठवतंय, पूर्वी थोडा वेळ ठेवून बंद करायचो, हल्ली बराच वेळ ठेवावा लागतो. पण प्रॉब्लेम गरम असतानाचा आहे ना, गार असतानाच्या चोकचा काय संबंध?

शेवाळ:
किका मारताना थ्रॉटल पिळतोस का? कारण या प्रकारच्या कार्बला ॲक्सलरेटर पंप असतो, इंजिन बंद असलं तरी थ्रॉटल पिळला की नोझलमधून पेट्रोलची धार थेट आत जाते. दमलेला माणूस घाबरून पिळ-किक, पिळ-किक करत सुटतो आणि सिलिंडरमध्ये पेट्रोलच पेट्रोल. गाडी आडवी पडल्यावरही हेच होतं, फ्लोट बाऊलमधलं पेट्रोल नको तिथे जातं.

गरम इंजिनला किक मारताना थ्रॉटलला हातच लावायचा नाही. हँडलला हॉट स्टार्टचा छोटा लिव्हर असेल तर तो ओढून धरायचा, त्याने जादा हवा आत जाते आणि मिक्स्चर पातळ होतं. आणि ओव्हर झालीच आहे अशी शंका असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडून तसाच धरायचा (पंप मारायचा नाही), सात-आठ सावकाश किका मारून आतलं बाहेर काढायचं, मग थ्रॉटल सोडून एक मनापासून किक. किक पण वरून धपाधप नाही, आधी पायाने हळू दाबत कडक जागा शोधायची, ती थोडी ओलांडायची, किक परत वर घ्यायची आणि मग तळापर्यंत पूर्ण.

करंट_मास्तर:
पेट्रोलवाले सगळे बोलून झाले असतील तर करंटचं पण ऐका. गरम झाली की बंद, गार झाली की चालू, हे इलेक्ट्रिकचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. स्टेटरची (करंट बनवणारी कॉइल) किंवा पिकअप कॉइलची (स्पार्क कधी पाडायचा ते सांगणारी) वायर आतून तुटायला आली असेल तर गार असताना टोकाला टोक टेकलेलं असतं, गरम झाली की पसरते आणि सुटते. मीटरने गार इंजिनवर मोजलं तर रीडिंग एकदम बरोबर येतं आणि माणूस गंडतो.

आणखी एक. गरम असताना मोजलं आणि आकडा वाढलेला दिसला म्हणून लगेच कॉइल फेकू नका. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतोच, म्हणजे २० डिग्रीला १०० ओहम असलेली कॉइल १०० डिग्रीला १३० च्या आसपास दाखवणार, ते नॉर्मल आहे. मीटर ओपन दाखवायला लागला किंवा वायर हलवली की आकडा नाचायला लागला तर मात्र कॉइल गेली.

किल स्विचची वायर पण बघा. हँडल वळवताना ती घासून सोलली जाते आणि फ्रेमला टेकली की करंट ग्राउंड. कनेक्टर काढून एकदा चालवून बघायचं. मात्र मग गाडी बंद करायला चोक ओढणे किंवा गिअरमध्ये क्लच सोडणे हे लक्षात ठेवा, आणि असं सपाटीवर, मोकळ्या जागीच करा.

जुना_किकर:
मास्तरांचं सगळं बरोबर आहे पण या केसमध्ये मला करंट वाटत नाही, कारण करंट गेला की गाडी खटकन मरते आणि उताराला पहिल्या झटक्यात सुरू होत नाही. टाकीचं झाकणही वाटत नाही, कारण पेट्रोल संपत आलं की गाडी आधी वरच्या आरपीएमला घुटमळते, आयडलला शेवटपर्यंत पेट्रोल पुरतं. इथे उलटं होतंय.

माझा अंदाज इनटेक वॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणारा. सांगतो का ते.

वॉल्व्ह आणि कॅम (वॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, टॅपेट क्लिअरन्स. या डर्ट बाईकमध्ये वॉल्व्ह झिजला की फट वाढत नाही, कमी होते, कारण वॉल्व्हचं तोंड आणि सीट (ते जिथे टेकतं ती कड) झिजून वॉल्व्ह हेडमध्ये वर वर सरकतो आणि त्याची दांडी कॅमच्या जवळ जाते. म्हणून टॅपेटचा आवाज नाही म्हणजे सगळं छान असं समजू नका, या इंजिनात गप्प टॅपेट जास्त धोक्याचे. फट संपत आली की गार असताना कसंबसं चालतं, फक्त चोक जास्त लागतो. हा तुझा चोकचा संबंध! गरम झालं, वॉल्व्हची दांडी लांबली, की उरलीसुरली फट पण जाते आणि वॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. मग पिस्टन वर येतो आणि दाब इनटेकमधून परत पळून जातो. वायसर गेलेल्या पंपाने ट्यूब भरायला जावं तसं, जोरात मारलं तर थोडं काहीतरी होतं, हळू मारलं तर नुसती फुसफुस. किक म्हणजे हळू मारणं. उतारावर मागचं चाक इंजिनाला किकपेक्षा कितीतरी वेगात फिरवतं, दाब पळून जायला वेळच मिळत नाही, शिवाय वेग जास्त म्हणून स्पार्क पण तगडा, म्हणून सुरू होते. चालू असताना वरच्या आरपीएमला कळत नाही, आयडलवर आली की मरते. तुझी तिन्ही लक्षणं याच्यात बसतात.

पण हा अंदाज आहे, माझ्या सांगण्यावरून इंजिन खोलू नकोस. तपासायची जागा घर नाही, ट्रेलवर जिथे बंद पडेल तिथेच, आणि गार व्हायच्या आत. बंद पडली की माणूस पहिली गोष्ट काय करतो तर हेल्मेट काढून पाणी पितो, आणि तेवढ्यात पुरावा गार होतो. पाणी नंतर पी. उतरल्या उतरल्या:

झाकण उघड, आवाज ऐक.
कार्बच्या खालचा ड्रेन स्क्रू अर्धा फिरव, पेट्रोल धारेने येतंय का थेंब थेंब ते बघ. इंजिन तापलेलं आहे, सायलेन्सरवर पेट्रोल सांडू देऊ नकोस.
प्लग काढ. ओला का कोरडा बघ. मग कॅपमध्ये घालून इंजिनच्या धातूला नीट टेकवून किक मार, पण प्लगच्या भोकापासून लांब धर, भोकातून पेट्रोलची वाफ उडते आणि ती पेटते, हे गमतीत घेऊ नकोस. निळा, टचटच आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळसर, मरगळलेला दिसला तर मास्तर जिंकले. (चांगला स्पार्क दिसला म्हणजे शंभर टक्के सुटलो असंही नाही, उघड्या हवेत पडणारा स्पार्क आत दाबाखाली पडेलच असं नाही.)
प्लग परत लाव आणि किक हाताने दाब. हो, हाताने. गार असताना आज घरी एकदा दाबून ठेव म्हणजे फरक कळेल.

गचका_बहाद्दर:
एवढं सगळं ट्रेलवर कोण करणार राव

जुना_किकर:
ज्याला गाडी ढकलत परत आणायची नाहीये तो करणार.

टू_स्ट्रोक_झिंदाबाद:
म्हणून म्हणतो टू-स्ट्रोक घ्या. वॉल्व्ह नाही, कॅम नाही, शिम (टॅपेटची फट जुळवायची चकती) नाही. प्लग बदला आणि पुढे चला :)

शेवाळ:
आणि क्रँकचा सील गेला की? मॅग्नेटच्या बाजूचा गेला तर बाहेरची हवा ओढते, मिक्स्चर पातळ होतं, आयडल वर-खाली नाचतं, पिस्टन जाम व्हायची पाळी. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअर ऑइल जळतं, पांढरा धूर आणि प्लग काळा ओला. तुमच्यात वॉल्व्ह नाही पण रीड (मिक्स्चर आत घेणारी पातळ झडप) आहेत, त्यांच्या पाकळीचा कोपरा उडाला की गरम-गार कुठेच नीट सुरू होत नाही. सगळ्यांच्या घरी मातीच्या चुली आहेत दादा.

टू_स्ट्रोक_झिंदाबाद:
मान्य मान्य. पण पाच मिनिटांत सिलिंडर काढता येतो हे मात्र सोडणार नाही.

नवा_गडी:
मध्येच विचारतो, माझी इंजेक्शनवाली आहे. आडवी पडली की सुरूच होत नाही, स्टार्टर फिरतो पण गाडी पकडत नाही. हाच प्रकार का?

करंट_मास्तर:
नाही, तुमचं वेगळं. त्यात टिल्ट सेन्सर असतो, गाडी ठरावीक कोनाच्या पलीकडे झुकली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल आणि स्पार्क बंद करतो. गाडी सरळ उभी करा, इग्निशन पूर्ण बंद करून थोडं थांबा, परत चालू करा, पंपाचा 'झ्झ्झ' आवाज दोनेक सेकंद आला पाहिजे. आवाजच नाही आला तर फ्यूज, कनेक्टर, पंप या क्रमाने. आवाज येतो पण गाडी गरम झाल्यावर मरते, तर टाकीतला पंपाचा फिल्टर बघा, तो चोंदला की पंप आहे पण प्रेशर नाही असं होतं. रीसेटची नेमकी पद्धत तुमच्या मॅन्युअलमधून घ्या, प्रत्येक गाडीची थोडी वेगळी.

तिसरा_गिअर:
रिपोर्ट घेऊन आलोय. नेहमीच्या चढाला गेलो, नेहमीसारखी बंद पडली (पहिल्यांदाच बंद पडल्याचा आनंद झाला). पाणी न पिता सगळं केलं.
झाकण: आवाज नाही.
ड्रेन: चांगली धार.
प्लग: किंचित ओलसर, स्पार्क निळा, दिवसाउजेडी स्पष्ट दिसला.
किक हाताने: घरी गार असताना हाताने अर्ध्यात अडत होती. तिथे मात्र सावकाश दाबली तर तळापर्यंत गेली! नुसती मऊ. आणि कान लावला तर एअरबॉक्सच्या बाजूने हलकं फुस्स ऐकू आलं, ते माझ्या मनाचे खेळ असतील तर सांगा.

जुना_किकर:
मनाचे खेळ नाहीत, इनटेक वॉल्व्ह बसत नाहीये तो आवाज आहे. पूर्ण गार होऊ दे, रात्रभर. मग टॅपेट मोज.

पाना_दहा:
मोजायच्या आधी कोणी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) लावायला सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा की या गाड्यांच्या कॅमवर ऑटो डीकॉम्प्रेशन असतं, किकच्या वेगाला ते एक्झॉस्ट वॉल्व्ह थोडा उचलून धरतं, त्यामुळे गेजवर चांगलं इंजिन पण मेलेलं दिसतं. लीक-डाउन टेस्ट खरी. पिस्टन टॉपला ठेवून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कुठून पळते ते ऐकायचं: कार्बमधून आली तर इनटेक, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ब्रीदरच्या नळीतून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. एवढं सोपं. रिंगमधून थोडी हवा जातेच, तिला घाबरू नका.

टॅपेट मोजताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला हवा, एक्झॉस्टच्या टॉपला नाही. फ्लायव्हीलची खूण जुळली तरी कॅमचे लोब (उंचवटे) वॉल्व्हपासून लांब तोंड करून आहेत का ते डोळ्यांनी बघा. फीलर गेजची पट्टी घालताना जबरदस्ती नाही, हलकी ओढ लागली पाहिजे. आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच, पण अशा २५० मध्ये इनटेक साधारण ०.१० ते ०.१५ मिमी असतो, एक्झॉस्ट त्याहून जास्त.

तिसरा_गिअर:
मोजलं. एक्झॉस्ट दोन्ही हिशोबात. इनटेक डावा ०.१०, म्हणजे काठावर. इनटेक उजवा... ०.०३ ची पट्टी कशीबशी जाते. मॅन्युअल ०.१० ते ०.१५ म्हणतंय. जुना_किकर, पाय कुठे आहेत तुमचे.

आता शिम बदलायचा ना? हिशोब कसा करायचा, जाड घ्यायचा का पातळ, माझं डोकं चालेनासं झालंय.

पाना_दहा:
पातळ. फट वाढवायची आहे. जुना शिम + मोजलेली फट − हवी असलेली फट = नवा शिम. समजा उजवीकडे आत्ता १.७५ चा शिम निघाला: १.७५ + ०.०३ − ०.१३ = १.६५. शिमवरच्या छापील आकड्यावर जाऊ नका, मायक्रोमीटरने मोजा, झिजलेले असतात. पट्टी अजिबात गेली नसती तर आधी अंदाजाने पातळ शिम घालून एकदा खरी फट मोजावी लागली असती, कारण शून्याच्या खाली किती गेलंय ते पट्टी सांगत नाही.

कॅम काढताना टाइमिंग चेनला तार बांधून वर अडकवून ठेवा आणि चेनच्या विहिरीत स्वच्छ फडकं कोंबा. शिम बोटाच्या नखाएवढा असतो, तेलाने बकेटला (वॉल्व्हवरची टोपी) चिकटून वर येतो आणि नको तिथे टपकन पडतो. मॅग्नेटने उचला. कॅम कॅपचे बोल्ट घट्ट करताना आतून बाहेर, क्रॉस करत, थोडे थोडे, आणि टॉर्क रेंचनेच. इथे 'हाताच्या अंदाजाने' म्हणणाऱ्याचे थ्रेड उडतात आणि मग हेडच बदलावं लागतं. सगळं बसवल्यावर किकने हळू फिरवून टाइमिंगच्या खुणा परत बघा, मगच प्लग.

जुना_किकर:
आणि शिम टाकला, फट आली, गाडी पळाली म्हणून निवांत बसू नकोस. शिमने लक्षण जातं, झीज जात नाही. दोन-चार राइडनंतर परत मोज. आहे तिथेच राहिली तर ठीक, वर्षभर पण चालेल. पण लगेच परत कमी झाली तर वॉल्व्हच्या तोंडावरचं कोटिंग गेलंय, मग शिमवर शिम पातळ करत बसण्यात अर्थ नाही, वॉल्व्ह बदलायचा आणि सीट कटिंग करून घ्यायची. टायटॅनियम वॉल्व्ह असेल तर कोणी 'पेस्ट लावून घासून देतो' म्हणाला तर गाडी उचलून घरी आण. घासलं की ते पातळ कोटिंग जातं, आणि खालचा धातू मऊ. स्टीलचा वॉल्व्ह टाकायचा विचार असेल तर तो जड असतो, त्याच्या जोडीचे स्प्रिंग पण टाकावे लागतात.

झीज झाली कशाने हे पण बघ. इनटेकच गेलाय, एक्झॉस्ट नाही, म्हणजे बहुतेक धूळ. एअर फिल्टर धुतल्यावर फिल्टर ऑइल लावतोस का? कोरडा फोम म्हणजे चाळणी. कार्बच्या आधीच्या रबरी बूटमध्ये बोट फिरव, मातीचा कण हाताला लागला तर उत्तर मिळालं.

तिसरा_गिअर:
बोट फिरवलं. लागला.

अर्धीटाकी:
झाकणाचं नव्हतं तर. तरी नळी धुऊन घ्या, ती कधीतरी बुजतेच.

तिसरा_गिअर:
शिम टाकले (उजवा बदलला, डावा पण काठावर होता म्हणून त्याच हाताने बदलला). चोक आता पूर्वीसारखा थोडाच वेळ लागतो, गरम असताना थ्रॉटलला हात न लावता दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू. त्याच चढावर मुद्दाम थांबून थांबून बंद केली आणि सुरू केली. एक बारीक तक्रार राहिलीय, उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद केला की फटाके फोडते आणि एखाद्या वेळी आयडल घसरतं. हे पण वॉल्व्हचंच का?

शेवाळ:
नाही, हे पायलट सर्किट, म्हणजे कार्बचा आयडलला पेट्रोल देणारा भाग. वॉल्व्ह झिजलेला असताना कोणीतरी आयडलचा स्क्रू आणि मिक्स्चर स्क्रू फिरवून ठेवला असणार, आता इंजिन नीट झालंय तर ते सेटिंग लागू नाही. इंजिन गरम करून आयडल मॅन्युअलच्या आकड्यावर आण, मग मिक्स्चर स्क्रू पाव पाव फेरा फिरवत आरपीएम सगळ्यात वर जातं ती जागा शोध, आणि आयडल परत खाली घे. स्क्रू बाहेर काढत काढत गेल्यावर पण सुधारतच राहिली तर पायलट जेट एक नंबर मोठा लागेल. त्याआधी सायलेन्सरचा जॉइंट बघ, तिथून हवा ओढत असली तरी असेच फटाके फुटतात.

जुना_किकर:
आणि फिल्टर बसवताना फोमच्या कडेला, जिथे तो एअरबॉक्सवर टेकतो, तिथे ग्रीसचा पातळ हात दे. तेल लावलेला फिल्टर वाकडा बसला तर धूळ बाजूने आत जाते.